तोंड न उघडणारे अध्यक्ष : डॉ. ॲन्सन जोन्स आणि टेक्ससचे विलीनीकरण

टेक्सस हे आज अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एक असले, तरी १८३६ ते १८४६ या काळात ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्याला स्वतःचा अध्यक्ष होता, कायदेमंडळ होते, दिवसेंदिवस किंमत गमावणाऱ्या का होईना पण स्वतःच्या नोटा होत्या आणि परदेशी राजधान्यांत त्याचे वकील, म्हणजे राजनैतिक प्रतिनिधी, बसत होते. या प्रजासत्ताकाचे अखेरचे अध्यक्ष डॉ. ॲन्सन जोन्स हे पेशाने वैद्य होते. टेक्ससचा इतिहास सांगताना सॅम ह्यूस्टन यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, त्यांच्या नावाचे महानगरही आहे. जोन्स मात्र टेक्ससबाहेर कोणाला फारसे ठाऊक नाहीत. तरीही एक स्वतंत्र देश आपण होऊन दुसऱ्या देशात कसा विलीन झाला, हा गुंतागुंतीचा विषय समजून घ्यायचा असेल, तर जोन्स यांच्या कारकिर्दीचा माग काढणे मला सर्वांत सोयीचे वाटते. योग्य वेळ येईपर्यंत आपला कल कोणाला कळू न देण्याच्या ज्या सवयीमुळे त्यांना यश आले, त्याच सवयीने त्या यशाचे श्रेयही त्यांच्या हातून गेले.

जोन्स यांचा जन्म २० जानेवारी १७९८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन येथे झाला. त्यांना छपाईचा व्यवसाय करायचा होता. घरच्यांनी समजूत घालून त्यांना वैद्यकीकडे वळवले. त्या काळच्या अमेरिकेत डॉक्टर होणे म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे, कारण पुढचा बराचसा उलगडा त्यातून होतो. वैद्यकीय महाविद्यालये मोजकीच होती आणि त्यांतून शिकणे सक्तीचे नव्हते. बहुतेक जण एखाद्या जुन्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करत, त्याची औषधे कुटत, त्याच्याबरोबर घोड्यावरून रोग्यांच्या घरी जात आणि काही वर्षांनी स्थानिक वैद्यकीय संस्थेकडून परवाना मिळवत. जोन्स यांना असा परवाना १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथील संस्थेने दिला. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हते. रक्त काढणे, पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल देऊन जुलाब करवणे आणि हिवतापाला क्विनाइन देणे हे मुख्य उपचार होते, आणि त्यांपैकी खात्रीने गुण येई तो क्विनाइनचाच. साहजिकच परवानाधारक डॉक्टर आणि गावचा वैदू यांच्यात लोक फारसा फरक करत नसत, त्यामुळे फीही तुटपुंजी असे आणि तीसुद्धा बहुधा उधारीवर राही.

जोन्स यांची पुढची बारा वर्षे या उधारीनेच खाल्ली. बेनब्रिज येथे काढलेला दवाखाना चालला नाही. नॉर्विच येथे औषधांचे दुकान टाकले, तेही बुडाले. नशीब काढायला ते पश्चिमेकडे निघाले, तर एका धनकोने त्यांना फिलाडेल्फियात अडवले. मग तेथेच दवाखाना थाटून आणि जोडीला शाळेत शिकवून त्यांनी दिवस काढले. १८२४ मध्ये ते व्हेनेझुएलाला गेले आणि दोन वर्षांनी परतले. त्यानंतर १८२७ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून एम. डी. ही पदवी घेतली. हे महाविद्यालय तेव्हा नवीनच, जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते. पदवी मिळाली, फ्रीमेसन आणि ऑड फेलोज या बंधुमंडळांत मान मिळाला, पण रोगी काही मिळाले नाहीत. १८३२ मध्ये त्यांनी वैद्यकीला रामराम ठोकला आणि न्यू ऑर्लिन्सला जाऊन अडत्याचा धंदा सुरू केला. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातून निघून युरोप ओलांडून आलेली पटकीची साथ नेमकी त्याच सुमारास त्या शहरात पोहोचली होती, आणि पीतज्वर तर तेथे नेहमीचाच होता. या दोन्हींतून जोन्स वाचले. धंदा वाचला नाही. दारू आणि जुगार यांची संगतही याच दिवसांत लागली. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांच्या नावावर कर्जाखेरीज फारसे काही नव्हते.

ऑक्टोबर १८३३ मध्ये ते टेक्ससमधील ब्राझोरिया या गावी उतरले. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. १८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोने आपला विरळ वस्तीचा उत्तरेकडील मुलूख वसवण्यासाठी अमेरिकी वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्या होत्या, आणि स्टीव्हन ऑस्टिन यांच्यासारख्या मध्यस्थांमार्फत हजारो कुटुंबे तेथे आली होती. जोन्स यांना गाव आवडले नाही. परतीच्या जहाजात त्यांनी जागाही ठरवली होती. पण जॉन व्हार्टन आणि इतर गावकऱ्यांनी टेक्ससला एक संधी तरी देऊन पाहा, अशी गळ घातली. त्या वर्षी पटकीने ब्राझोरियात बरेच बळी घेतले होते आणि शिकलेला डॉक्टर गावाला हवाच होता. ब्राझोस नदीकाठच्या दलदलीत हिवताप कायमचा मुक्कामाला होता, कापूस पिकवणाऱ्या जमीनदारांच्या हातात पैसा होता, आणि जोन्स यांची प्रॅक्टिस लवकरच वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत गेली. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्समध्ये जे जमले नाही, ते या आडगावात जमले.

डॉक्टर मंडळी राजकारणात कशी शिरत, याचेही उत्तर या आडगावातच आहे. अशा वस्तीत अर्ज, ठराव, पत्रे लिहू शकणारी माणसे थोडी असत. त्यांत प्रत्येक घराच्या माजघरापर्यंत पोहोच असलेला माणूस डॉक्टरच. कोणाचे कोणाशी पटते, कोण कर्जात आहे, कोणाचा शब्द चालतो, हे त्याला आपोआप कळत असे. टेक्ससच्या स्वातंत्र्यचळवळीत म्हणूनच डॉक्टर पुष्कळ दिसतात. १८३५ च्या सल्लामसलत परिषदेचे अध्यक्ष ब्रँच आर्चर हे डॉक्टर होते, आणि पुढे जोन्स यांचे परराष्ट्रमंत्री झालेले ॲशबेल स्मिथ हेही डॉक्टर होते. टेक्ससबाहेरही हे दिसते: कॅलिफोर्नियाच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी विल्यम ग्विन हे वैद्यकी सोडून राजकारणात आलेले होते. जोन्स यांना आणखी एक आधार होता, तो फ्रीमेसन बंधुमंडळाचा. १८३५ मध्ये ब्राझोरियात टेक्ससमधील पहिली मेसनिक शाखा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. या शाखेची रीतसर सनद त्यांच्या हाती पडली ती युद्धाच्या धामधुमीत, सैन्य कूच करत असताना. आणि औषधांच्या सोबतीने ती खोगिराच्या पिशवीतून पुढे लढाईपर्यंत गेली.

मेक्सिको आणि वसाहतवाले यांच्यातील वादाची कारणे अनेक होती. सत्ता राजधानीत एकवटण्याचा मेक्सिकोचे अध्यक्ष सांता आना यांचा प्रयत्न, १८३० चा नव्या अमेरिकी वसाहतवाल्यांना अटकाव करणारा कायदा, जकात हे सारे होतेच. पण मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती आणि वसाहतवाल्यांची कापसाची शेती गुलामांच्या श्रमावर उभी होती, हेही त्यात होते. जोन्स आरंभी सबुरीचा सल्ला देत होते. डिसेंबर १८३५ मध्ये मात्र स्वातंत्र्य जाहीर करण्यासाठी अधिवेशन बोलवावे, असा ठराव त्यांनीच ब्राझोरियात मांडला, आणि प्रतिनिधी म्हणून उभे राहण्यास नकार दिला. २ मार्च १८३६ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले, ६ मार्चला सॅन अँटोनियो येथील अलामो या गढीचा मेक्सिकन सैन्यापुढे पाडाव झाला, आणि जोन्स सैन्यात दाखल झाले. त्यांना रेजिमेंटचे शल्यचिकित्सक नेमले गेले; पण आपले नाव पायदळातील साधा शिपाई म्हणूनच राहावे, असा त्यांचा आग्रह होता. २१ एप्रिलच्या दुपारी सॅन हासिंटो येथे टेक्ससच्या सैन्याने मेक्सिकन छावणीवर अचानक हल्ला केला. प्रत्यक्ष लढाई सुमारे १८ मिनिटे चालली; मेक्सिकोचे सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले, आणि त्यांतील पुष्कळ जण लढाई संपल्यावर पळताना मारले गेले. दुसऱ्या दिवशी सांता आना पकडले गेले. त्या रणभूमीवर जोन्स यांना मेक्सिकन सैन्यातील कर्नल अल्मोंते यांची रोजनिशी सापडली. त्यांनी ती न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राकडे पाठवली आणि ती छापूनही आली. कागद जपायचे आणि योग्य वेळी बाहेर काढायचे, हा त्यांचा स्वभाव येथे पहिल्यांदा ठळकपणे दिसतो.

युद्धानंतर ते ब्राझोरियाला परतले, तर त्यांच्या दवाखान्याच्या जागेत जेम्स कॉलिन्सवर्थ हे वकील कचेरी थाटून बसले होते. जोन्स यांनी द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, तेव्हा जागा मोकळी झाली. १८३७ मध्ये ते टेक्ससच्या दुसऱ्या कायदेमंडळावर निवडून गेले. वैद्यकीय व्यवसायावर नियंत्रण हवे, सर्वत्र एकसारखी शिक्षणव्यवस्था हवी आणि विद्यापीठासाठी जमीन राखून ठेवावी, हे त्यांचे आग्रहाचे विषय होते. डॉक्टरांची परीक्षा घेऊन परवाने देणारे मंडळ त्याच वर्षाच्या अखेरीस कायद्याने स्थापन झाले. ज्याने स्वतः पंधरा वर्षे भोंदू वैदूंशी स्पर्धा केली, त्याला या कायद्याची निकड वेगळी सांगावी लागली नसेल.

आता मुख्य विषयाकडे येऊ. स्वातंत्र्य मिळताच सप्टेंबर १८३६ मध्ये टेक्ससच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने अमेरिकेत सामील होण्याच्या बाजूने कौल दिला होता. तरी अमेरिकेने १८३७ मध्ये टेक्ससला मान्यता देऊनही पदरात घेण्याचे नाकारले. याची कारणे दोन होती. मेक्सिको टेक्ससला अजूनही आपलाच बंडखोर प्रांत मानत होता; त्यामुळे विलीनीकरण म्हणजे मेक्सिकोशी युद्ध ओढवून घेणे, असा अर्थ होता. दुसरे कारण अधिक खोल होते. १८३७ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीची १३ आणि गुलामगिरी नसलेली १३ राज्ये होती. प्रत्येक राज्याला, त्याची लोकसंख्या कितीही असो, सिनेटमध्ये दोन जागा मिळतात. म्हणून सिनेटमध्ये दोन्ही बाजू तोलून होत्या. टेक्ससच्या राज्यघटनेने गुलामगिरीला पूर्ण संरक्षण दिलेले होते आणि त्याचा विस्तार एवढा होता की त्यातून चार-पाच राज्ये सहज निघाली असती. टेक्ससला प्रवेश देणे म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मोठे वजन टाकणे होते, आणि ते टाकण्याची हिंमत अध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांना झाली नाही.

टेक्ससचे तेव्हाचे अध्यक्ष सॅम ह्यूस्टन यांनी १८३८ मध्ये जोन्स यांना वॉशिंग्टनला वकील म्हणून पाठवले, ते हा पडून राहिलेला प्रस्ताव परत घेण्यासाठी. वरवर पाहता हे उलटेच वाटते. पण दारात ताटकळत उभ्या असलेल्या देशाची किंमत दिवसेंदिवस घटते. प्रस्ताव मागे घेतला की तोच देश इतरांशी बोलायला मोकळा होतो आणि अमेरिकेलाही आपण काय गमावतो आहोत याचा विचार करावा लागतो. ऑक्टोबर १८३८ मध्ये जोन्स यांनी प्रस्ताव रीतसर मागे घेतला. त्यानंतरच्या काही वर्षांत फ्रान्स, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी टेक्ससशी करार केले.

दरम्यान मिराबो लमार हे अध्यक्ष झाले. त्यांना विलीनीकरण नकोच होते. पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेले टेक्ससचे साम्राज्य त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी जोन्स यांना परत बोलावले. जोन्स टेक्ससच्या सिनेटमध्ये जाऊन लमार यांच्या उधळपट्टीचे कडवे टीकाकार बनले. लमार यांच्या नोटांची किंमत डॉलरमागे काही सेंटांवर आली, सांता फेवर पाठवलेली मोहीम मेक्सिकोच्या कैदेत संपली. १८४० मध्ये जोन्स यांनी मेरी स्मिथ मक्रोरी यांच्याशी विवाह केला, आणि पुन्हा दवाखाना उघडून बसण्याचा विचार केला. पण डिसेंबर १८४१ मध्ये ह्यूस्टन पुन्हा अध्यक्ष झाले आणि त्यांनी जोन्स यांना परराष्ट्रमंत्री केले. पुढची तीन वर्षे या दोघांनी चालवलेले धोरण समजले, की विलीनीकरणाची गोष्ट निम्मी समजते.

टेक्सस कंगाल होता, त्याच्याजवळ सैन्य नावापुरते होते, आणि १८४२ मध्ये मेक्सिकोच्या फौजांनी दोनदा सॅन अँटोनियोपर्यंत मुसंडी मारली होती. अशा देशाच्या हातात एकच हुकमी पत्ता होता: तो दुसऱ्या कोणाच्या तरी बाजूला जाऊ शकतो, ही शक्यता. ब्रिटनला टेक्सस स्वतंत्र राहायला हवा होता. अमेरिकेच्या कापसावरील अवलंबन कमी व्हावे, अमेरिकी जकातीविना ब्रिटिश मालाला बाजारपेठ मिळावी, अमेरिकेचा दक्षिणेकडील विस्तार थांबावा आणि जमल्यास टेक्ससमधील गुलामगिरीही संपावी, असे त्याचे हिशेब होते. फ्रान्स साधारण त्याच मताचा होता. जोन्स यांनी दोन पर्याय एकाच वेळी जिवंत ठेवायचे ठरवले. एक, अमेरिकेशी विलीनीकरण. दुसरा, ब्रिटन व फ्रान्स यांच्या मध्यस्थीने मेक्सिकोकडून मान्यता मिळवून शांततेत स्वतंत्र राहणे. कोणताही एक पर्याय आपल्याला नकोच आहे, असे कोणापुढेही बोलायचे नाही. बाजारात दुसरे गिऱ्हाईक उभे दिसले, की पहिल्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. टेक्ससमध्ये ब्रिटन गुलामगिरी बंद करवणार, या नुसत्या अफवेने अमेरिकेच्या दक्षिणेकडील पुढाऱ्यांची झोप उडाली, आणि वॉशिंग्टनमधूनच विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली.

१२ एप्रिल १८४४ रोजी तह झाला. पण अमेरिकेत परराष्ट्राशी केलेल्या तहाला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची संमती लागते. परराष्ट्रमंत्री जॉन कॅलहून यांनी ब्रिटनच्या वकिलाला लिहिलेल्या पत्रात गुलामगिरीचे उघड समर्थन केले आणि ते पत्र बाहेर आले. उत्तरेकडील सदस्य त्याने अधिकच बिथरले. ८ जूनला तह ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला गेला. त्याच वर्षी दोन निवडणुका झाल्या. अमेरिकेत विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते जेम्स पोक निवडून आले, आणि टेक्ससमध्ये जोन्स. जोन्स यांनी प्रचाराचे एकही भाषण केले नाही आणि विलीनीकरणाबद्दल आपले मत काय आहे, हे मतदारांना कळू दिले नाही. ह्यूस्टन यांचा माणूस एवढी ओळख त्यांना निवडून यायला पुरली.

सप्टेंबर १८४४ मधील एक घटना या दोघांच्या पुढच्या वैराच्या मुळाशी आहे. टेक्ससच्या स्वातंत्र्याची ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून हमी द्यावी आणि त्यासाठी एक संयुक्त करार करावा, असा प्रस्ताव ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबर्डीन यांच्याकडून आला होता. ह्यूस्टन यांनी त्यावर सही करण्याची सूचना युरोपातील वकिलाला पाठवा, असा लेखी आदेश जोन्स यांना दिला. या करारावर सही झाली असती, तर अमेरिकेशी विलीनीकरणाचा दरवाजा जवळपास बंद झाला असता. जोन्स यांनी आदेश पुढे पाठवलाच नाही. काही आठवड्यांनी ते स्वतः अध्यक्ष होणार होते. आदेशाचा कागद त्यांनी आपल्या दप्तरात ठेवून दिला. तो आदेश खरा होता की वॉशिंग्टनला घाबरवण्यासाठी रचलेला देखावा, यावर पुढे दोघांचे समर्थक हमरीतुमरीवर आले. माझ्या मते ह्यूस्टन यांनाही दोन्ही दरवाजे उघडे ठेवायचे होते, आणि कोणता दरवाजा केव्हा लावायचा हे आपल्याला अधिक कळते, असे दोघांनाही वाटत होते.

९ डिसेंबर १८४४ रोजी जोन्स यांनी सूत्रे हाती घेतली. इकडे पोक यांच्या विजयाने हुरूप आलेल्या अमेरिकेच्या मावळत्या अध्यक्ष टायलर यांनी एक युक्ती काढली. तहाला दोन तृतीयांश मते लागतात, पण दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाला साधे बहुमत पुरते. हा मार्ग घटनेला धरून आहे का, यावर रण माजले. तरी सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतांनी ठराव संमत झाला आणि १ मार्च १८४५ रोजी टायलर यांनी त्यावर सही केली. अटी अशा होत्या की टेक्ससने थेट राज्य म्हणून यावे, आपली पडीक सरकारी जमीन आपल्याकडे ठेवावी आणि आपले कर्जही आपणच फेडावे.

ठरावाची अधिकृत प्रत टेक्ससमध्ये पोहोचण्याआधीच ब्रिटनचे वकील कॅप्टन चार्ल्स एलियट आणि फ्रान्सचे वकील अल्फोन्स द सालिन्यी हे जोन्स यांच्याकडे धावले. हे एलियट म्हणजे तेच, ज्यांनी १८३९ मध्ये कँटन येथे ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफूची वीस हजारांहून अधिक खोकी चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली केली होती. त्या अफूत मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती. चीनमधील कामगिरीवर वरिष्ठ नाराज झाले म्हणून त्यांना टेक्ससमध्ये पाठवण्यात आले होते. मार्चच्या अखेरीस या दोघांनी जोन्स यांच्याकडून वचन घेतले: ९० दिवस टेक्ससने विलीनीकरणाचा निर्णय करू नये, तेवढ्या अवधीत आम्ही मेक्सिकोकडून टेक्ससच्या स्वातंत्र्याला लेखी मान्यता आणून देतो. जोन्स यांनी होकार दिला आणि बाहेर अवाक्षर काढले नाही.

एलियट चार्ल्सटनला जात असल्याचे भासवून गॅल्व्हेस्टनहून निघाले, समुद्रात जहाज बदलून व्हेराक्रूझला उतरले आणि तेथून मेक्सिकोच्या राजधानीत गेले. ओळख पटू नये म्हणून त्यांनी घातलेल्या पांढऱ्या हॅटचा मात्र नेमका उलटा परिणाम झाला. वृत्तपत्रांत त्यांचे नावच पांढऱ्या हॅटवाला माणूस असे पडले. टेक्ससमध्ये या काळात रोज एक अफवा उठत होती. अध्यक्षांनी देश इंग्रजांना विकला, असे लोक उघड बोलू लागले. जोन्स यांचे पुतळे जाळले गेले, त्यांचे सरकार उलथवून टाकण्याच्या धमक्या आल्या. तरीही त्यांनी खुलासा केला नाही. केला असता तर मेक्सिकोने सही करण्याचे कारणच उरले नसते. मे महिन्यात मात्र त्यांनी दोन पावले उचलली: विलीनीकरणावर विचार करण्यासाठी ४ जुलैला अधिवेशन आणि त्याआधी १६ जूनला कायदेमंडळाची बैठक बोलावली. नऊ वर्षे टेक्ससचे अस्तित्वच नाकारणाऱ्या मेक्सिकोने त्याच महिन्यात, टेक्सस दुसऱ्या कोणत्याही देशात विलीन होणार नसेल तर त्याचे स्वातंत्र्य मान्य करू, असे लिहून दिले. ४ जून १८४५ रोजी जोन्स यांनी ही वार्ता जाहीर केली. आता एका हातात मेक्सिकोची मान्यता आणि दुसऱ्या हातात अमेरिकेचे निमंत्रण असे दोन्ही कागद लोकांपुढे होते.

लोकांनी काय निवडले, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. कायदेमंडळाने मेक्सिकोचा तह धुडकावला, अमेरिकेचे निमंत्रण एकमताने स्वीकारले आणि वर जोन्स यांच्या निषेधाचे ठरावही केले. ४ जुलैच्या अधिवेशनात विलीनीकरणाचा ठराव ५५ विरुद्ध १ मताने संमत झाला. विरोधाचे ते एकमेव मत बेंजामिन फ्रँकलिन यांचे नातू रिचर्ड बेश यांचे होते. जोन्स यांना पदावरून दूर करण्याचीही तेथे चर्चा झाली. अमेरिकेचे आरमारी अधिकारी कमोडोर स्टॉक्टन यांच्या माणसांनी आपल्याला मेक्सिकोवर हल्ला करण्याची चिथावणी दिली आणि आपण ती नाकारली, असा दावा जोन्स यांनी पुढे केला. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत. युद्धाचे खापर टेक्ससच्या माथी फुटावे अशी कोणाची तरी इच्छा असणे मात्र त्या दिवसांत अशक्य नव्हते.

पोक यांनी २९ डिसेंबर १८४५ रोजी टेक्ससच्या प्रवेशाच्या ठरावावर सही केली. १९ फेब्रुवारी १८४६ रोजी ऑस्टिन येथे जोन्स यांनी सत्ता नव्या राज्याचे गव्हर्नर पिंकनी हेंडरसन यांच्याकडे सोपवली आणि टेक्ससचे प्रजासत्ताक आता राहिले नाही, असे जाहीर केले. दोन महिन्यांनी रिओ ग्रान्दे नदीकाठी अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सैन्यांत चकमक झाली आणि ज्या युद्धाची भीती व्हॅन ब्यूरन यांना होती, ते पेटले. त्या युद्धातून मिळालेल्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी, या वादाने पंधरा वर्षांत अमेरिकेला यादवीच्या तोंडाशी आणले. जोन्स यांच्या मुत्सद्देगिरीचे कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही. ब्रिटनच्या गुलामगिरीविरोधी धोरणाची भीती हेच त्यांनी वापरलेले मुख्य हत्यार होते, आणि ते धारदार ठरले कारण टेक्ससमधील हजारो माणसे कोणाच्या तरी मालकीची होती. स्वतः जोन्स यांच्या शेतावरही गुलाम राबत होते.

ते शेत ब्राझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन गावाजवळ होते. आपल्या जन्मगावावरून त्यांनी त्याचे नाव बॅरिंग्टन ठेवले होते. मधून आरपार मोकळी वाट आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशा स्थानिक धाटणीचे त्यांचे लाकडी घर आजही त्या परिसरातील स्मारकात जपलेले आहे. कापसाने त्यांना संपन्नता दिली. त्यांना हवी होती ती अमेरिकेच्या सिनेटमधील जागा. तेव्हा सिनेटर थेट लोकमताने निवडले जात नसत, राज्याचे कायदेमंडळ त्यांना निवडत असे. आणि १८४६ मध्ये टेक्ससच्या कायदेमंडळाने ह्यूस्टन आणि टॉमस रस्क यांना निवडले. विलीनीकरणाचा शिल्पकार मी, आणि मान ह्यूस्टन यांना, हे शल्य जोन्स यांच्या मनातून गेले नाही. वास्तविक गुप्ततेवर उभ्या असलेल्या धोरणाचे श्रेय मागायचे, तर आधी ते धोरण होते हे सिद्ध करावे लागते, आणि लोकांच्या आठवणीत तर जळणारे पुतळे होते. ह्यूस्टन सभा गाजवणारे होते. जोन्स यांच्याकडे होती ती पत्रे.

१८४९ मध्ये घोड्यावरून पडून त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. त्यानंतर ते अधिकच एकलकोंडे होत गेले आणि ह्यूस्टन यांच्याबद्दलची नाराजी द्वेषापर्यंत पोहोचली. वैद्यकीशी मात्र संबंध पूर्ण तुटला नव्हता: १८५३ मध्ये टेक्सस मेडिकल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा ॲशबेल स्मिथ यांच्याबरोबर जोन्सही तिच्या संस्थापकांत होते. याच वर्षांत ते आपल्या रोजनिश्या, सरकारी पत्रव्यवहार आणि आठवणी यांची जुळवाजुळव करत होते. पत्रांवर जागोजाग स्वतःचे शेरे लिहीत होते.

१८५७ मध्ये त्यांना शेवटची आशा दिसली. रस्क यांचे निधन झाले होते, ह्यूस्टन गव्हर्नरपदाची निवडणूक हरले होते आणि सिनेटच्या दोन्ही जागांसाठी नव्या माणसांची निवड व्हायची होती. आपली पाळी आली, अशी जोन्स यांची खात्री होती. कायदेमंडळात त्यांना एकही मत पडले नाही. एक जागा जॉन हेम्पहिल यांना मिळाली आणि दुसरी पिंकनी हेंडरसन यांना, म्हणजे १८४६ मध्ये ज्यांच्या हाती त्यांनी सत्ता दिली होती त्यांनाच. जोन्स यांनी शेत विकले आणि ते ह्यूस्टन शहरात आले. तेथील कॅपिटल हॉटेल म्हणजे प्रजासत्ताकाच्या कायदेमंडळाची जुनी इमारत होती. १८३७ मध्ये निवडून आल्यावर ते प्रथम तेथेच बसले होते. त्याच हॉटेलात ९ जानेवारी १८५८ रोजी, साठावा वाढदिवस अकरा दिवसांवर असताना, त्यांनी आपले जीवन संपवले.

त्यांनी जमवलेले कागद १८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. टेक्ससच्या परराष्ट्रव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांना ते पुस्तक आजही टाळता येत नाही. फक्त त्यातील मूळ पत्रे एका दृष्टीने आणि त्यांखालचे, हात अधू झाल्यानंतरच्या वर्षांत लिहिलेले शेरे दुसऱ्या दृष्टीने वाचावे लागतात. ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी सॅम ह्यूस्टन टेक्ससचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.